बाप्याच्या तोंडावर वांग

वांग बायकांना येतात, एवढंच मला या विषयातलं ठाऊक होतं, आणि तेही अर्धवट निघालं. आदिलाबादच्या कापूस मार्केटात मी एका अडत्याकडे मुनीम आहे. दसरा उलटला की बेला, जैनद, तांसीकडून गाड्या लागतात आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत यार्डात उभं राहून वजनं लिहायची, हे माझं काम. टोपी घालायची सवय नाही, छत्री धरायची लाज. अशाच एका हंगामात दाढी करताना न्हाव्याने वस्तरा थांबवला आणि आरशाकडे बोट करून म्हणाला, "अन्ना, मंगू मच्चलु." दोन्ही गालांच्या हाडांवर आणि नाकाच्या दांडीवर तपकिरी पट्टे होते. ती यार्डातली धूळ आहे अशा समजुतीने मी रोज रात्री साबणाने तोंड घासत होतो.

आईने सहाण काढली. दुधात जायफळ उगाळून ती रोज माझ्या गालाला लेप द्यायची. तोंडाला बासुंदीचा वास यायचा, पट्टे मात्र जागचे हलले नाहीत. मग मार्केटातल्या एका मित्राने लिंबू सुचवलं. अर्धं लिंबू गालावर चोळलं आणि तसाच यार्डात जाऊन उभा राहिलो. आग आग झाली. दोन दिवसांनी गालापासून हनुवटीपर्यंत, जिथून रस ओघळला होता तिथे, काळी रेघ उमटली. लिंबात, विशेषतः सालीत, अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते आणि मागे डाग ठेवते, हे मला फार पुढे कळलं. तोपर्यंत माझ्या वांगांना शेपूट फुटलं होतं.

आईचं निदान तयार होतं. "पोटात गडबड हाय तुह्या. लिव्हर दाखव." आमच्याकडे वांग म्हणजे लिव्हर, हे इतकं पक्कं आहे की मीही उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आलो. लिव्हर ठणठणीत निघालं. आईचा रिपोर्टावर विश्वास बसला नाही. तिने माझा चहा बंद केला.

शेवटी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि एक ट्यूब पुढे सरकवली. चिठ्ठी मागितली नाही, किती दिवस लावायची तेही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण शेजारी ओळखीचा माणूस उभा होता आणि बाप्या माणसाने तोंडाची क्रीम विकत घेणं मला चोरीसारखं वाटत होतं. पण काय ती ट्यूब! आठवडाभरात पट्टे फिके पडले, तोंड उजळलं. हमाल म्हणाले, "काय जी, घरी लगन हाय का?" बायको म्हणाली, "अहो, मलाही आणा ना एक." मी आणली.

ट्यूब संपली आणि सोंग उतरलं. तोंड लाल झालं, उन्हात गेलं की चटचट करायचं, चाळिशी ओलांडलेल्या गालावर कॉलेजातल्या पोरासारख्या पुटकुळ्या आल्या, आणि वांग पहिल्यापेक्षा गडद होऊन परतले. मी काय केलं? दुसरी ट्यूब आणली. ती लावली की बरं वाटायचं, म्हणजे औषध बरोबरच आहे असा माझा हिशेब. लोकांच्या वजनकाट्यातली चूक पकडणाऱ्या मुनीमाला हा हिशेब चुकीचा आहे हे कळलं नाही.

पांढरकवड्याहून माझी भाची आली होती, नर्सिंग शिकते. तिने ट्यूब उलटी करून मोबाइलने फोटो काढला आणि अक्षरं मोठी केली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. "मामा, हे शेवटचं स्टिरॉइड आहे. तुम्ही किती दिवस लावताय?" मी महिने सांगितले. तिने कपाळाला हात लावला.

तिच्याच धाकाने रिम्समध्ये, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यात गेलो. ओपीची चिठ्ठी काढून त्वचेच्या विभागाबाहेर बाकावर बसलो, तर रांगेत निम्म्या बायका तोंडाला पदर लावलेल्या. डॉक्टरांनी वांगांकडे बघायच्या आधी विचारलं, "कौनसी क्रीम लगा रहे थे?" मी काही सांगितलंच नव्हतं. लाल गाल आणि त्यावरच्या बारीक बारीक रक्तवाहिन्या पाहून त्यांनी ओळखलं होतं. अशा चेहऱ्याला आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नाव दिलेलं आहे, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. म्हणजे माझ्यासारखे इतके आहेत की त्यांची वेगळी जात करावी लागली.

मुळात हे तिहेरी मिश्रण काही भामट्याने काढलेलं नाही. 1975 साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोघांनी ते मांडलं. हायड्रोक्विनोन रंग बनवणाऱ्या प्रक्रियेला आवर घालतं, ट्रेटिनॉइन वरची कातडी लवकर पालटवतं, आणि या दोघांनी होणारी जळजळ शमवायला थोडं स्टिरॉइड. डॉक्टरच्या नजरेखाली काही आठवडे लावायचं आणि थांबायचं, असं ते औषध आहे. महिनोन्‌महिने लावलं तर स्टिरॉइड कातडी पातळ करतं, आणि हायड्रोक्विनोन फार काळ चाललं तर काहींना निळसर-काळे डाग पडतात, ते मग जाता जात नाहीत. 2018 साली सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला त्यानंतरच मी माझ्या ट्यूबा घेतल्या होत्या.

मग डॉक्टरांनी मला एका अंधाऱ्या खोलीत नेऊन जांभळ्या उजेडाचा दिवा तोंडासमोर धरला. वुड्स लॅम्प. अमेरिकेतल्या वुड नावाच्या शास्त्रज्ञावरून हे नाव. या उजेडात वरच्या थरातले वांग अधिक काळे दिसतात, खोलवरचे तितके उठून दिसत नाहीत; सावळ्या कातडीवर मात्र हा दिवा पुरता भरवशाचा नाही, असंही डॉक्टर म्हणाले. त्या अंधारात माझा पांढरा सदरा निळा झगझगत होता. मी घाबरून विचारलं, हा पण रोग का? "वो आपका साबुन है," डॉक्टर म्हणाले. कपड्याच्या पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं, ते उजळतं. माझे वांग मिश्र निघाले, थोडे वर, थोडे खाली.

जे समजलं ते माझ्या भाषेत असं. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या साहेबाच्या आणि आपल्या अंगात त्या साधारण सारख्याच. आपल्या जास्त काम करतात, एवढंच. त्यांनी बनवलेला रंग शेजारच्या पेशींमध्ये जातो आणि पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखा बसतो, ऊन लागू नये म्हणून. वांगाच्या जागी या पेशी जरा उजेड दिसला की कामाला लागतात. अंगात मूळ प्रवृत्ती असते, बहुधा घराण्यातून आलेली. तिला ऊन, गरोदरपण, पाळणा लांबवायच्या गोळ्या, कधी थायरॉइड डिवचतं. दहातले नऊ रोगी बायका असल्या तरी दहावा असतोच. तो मी.

आणि नुसतं ऊनच नाही. खिडकीच्या काचेतून येणारे काही किरण, डोळ्यांना दिसणारा साधा उजेड, चुलीची धग, यांनीही वांग गडद होऊ शकतात. मेमध्ये पारा 44-45 वर जाणाऱ्या जिल्ह्यात राहून मी सावलीत बसलोय म्हणून निर्धास्त होतो. डॉक्टरांनी केसांचा डाय, तेल, कपाळाचं गंध, सगळं विचारून घेतलं. काळेपणाची कारणं बरीच असतात. कुंकवाने कपाळ काळवंडतं, डायने कानशिलं. प्रत्येक काळा डाग म्हणजे वांग नव्हे.

मला वाटलं, आता जालीम औषध मिळेल. चिठ्ठीवर पहिलं नाव सनस्क्रीनचं. एसपीएफ 30च्या वर, दोन बोटांच्या लांबीइतकी तोंडाला आणि मानेला, बाहेर पडायच्या पाव तास आधी, आणि यार्डात असलो तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. मी आधी वाटाण्याएवढी लावत होतो. दोन बोटं लावून गेलो तर तोंड पांढरंफटक. दिवाळीचे दिवस, गावोगावी गोंडांची दंडारी चाललेली, अंगाला राख फासून गुसाडी नाचत होते; एक हमाल गंभीरपणे म्हणाला, "साहेब, यंदा गुसाडी व्हता का?" मग डॉक्टरांनी रंगीत सनस्क्रीन सुचवलं. त्यात लोहाचं ऑक्साइड असतं, आणि साध्या उजेडाला अडवायचं काम तेच करतं. गेरूचा लाल रंगही त्याच द्रव्याचा. पण दुकानातली छटा माझ्यापेक्षा चांगलीच गोरी निघाली आणि आठवडाभर माझं तोंड एका रंगाचं, कान दुसऱ्या रंगाचे.

टोपी घेतली, दुपट्टा गुंडाळला. तेव्हा पहिल्यांदा लक्ष गेलं की वेचणीला जाणाऱ्या बाया हे कधीपासून करतात: लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला कानापर्यंत फडकं. तरी त्यांच्या गालांवर वांग आहेतच. पऱ्हाटीत दिवसभर ऊन, आणि कुणाकुणाला माला-एनच्या गोळ्या चालू. त्या मनाने बंद करू नयेत. आशाताईला विचारून तांबीसारखा दुसरा उपाय घेता येतो. आपल्या गाडीबरोबर आलेल्या एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, तुमची क्रीम कोणती?" तिच्या गालावरची लाली मला ओळखीची वाटली. मी तिला क्रीम सांगितली नाही, रिम्सच्या त्वचा विभागाचा वार सांगितला.

माझी स्टिरॉइडची ट्यूब डॉक्टरांनी सोडवली. सोडवतानाचे आठवडे वाईट गेले, तोंड पेटायचं. त्यांनी साधं मॉइश्चरायझर लावून दम धरायला सांगितलं. लाली उतरल्यावर रात्री अझेलिक ॲसिड आलं, सुरुवातीला खाजायचं. गोळीचं मीच विचारलं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, खरं तर रक्तस्राव थांबवायचं औषध. 1979 साली जपानमध्ये ते अंगावर पित्त उठणाऱ्या एका रुग्णाला दिलं आणि त्याचे वांगच फिके झाले, तेव्हापासून ते वांगांवर वापरात आलं. पण घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. माझ्या भावाला झाली होती. गोळी बाद. लेझरचंही विचारलं, आपल्या कातडीला त्याने कधीकधी जास्त काळं होतं, म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

आज पट्टे निम्म्याहून फिके आहेत. पूर्ण गेले नाहीत, जातील असं डॉक्टरांनी कबूलही केलं नाही. वांग ताब्यात ठेवायचे असतात, एक उन्हाळा हलगर्जी केली की परततात. बायकोची ट्यूब मी पहिल्या दिवशीच रिम्सला नेऊन दाखवली होती. तुमच्या घरात अशी एखादी असेल तर आजच उलटी करून बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं तर ती डॉक्टरला न विचारता तोंडाला लावायला घेऊ नका. आणि बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम बंद न करता ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरकडे जा.