सहा मीटर पाणी

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपावर पाणी जेमतेम ६ मीटर. नवखे विचारतात, "एवढंच?" मीही विचारायचो. आता १५ मीटरवर मी निवांत असतो. धाक वाटतो तो या सहांचाच.

पाणी निवळ हवं तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत उतरावं. ओढ कमी, गाळ खाली बसलेला. उधाणाला स्वतःचा हात दिसायची मारामार.

पाठीला टाकी असली की पहिला नियम, श्वास रोखायचा नाही. ६ मीटरवर छाती भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलं, तर ती हवा दीडपटीहून जास्त फुगायला बघते. फुप्फुस फाटायला तेवढं पुरतं. टाकीशिवाय एका दमात बुडी मारली की सगळं उलटं. वरून नेलेली ६ लिटर हवा तळाशी पावणेचार लिटर होते, वर येताना पुन्हा सहाच. म्हणून बुडी मारणाऱ्याने खालच्या मित्राच्या टाकीतून गमतीने एक घोट घेणं ही गंमत नव्हे. बुडीआधी भराभर श्वास घेणंही नको: कार्बन डायऑक्साइड उतरतो, वर चल अशी छातीची हाक उशिरा येते, आणि शुद्ध हरपते ती बहुधा पृष्ठभागाच्या अगदी जवळ. एक खाली, तर दुसऱ्याने वर पहारा द्यायचा.

माझी चूक मात्र टाकीसह झाली. डाइव्ह संपत आली की टाकीतली दोनेक किलो हवा गेलेली असते, माणूस हलका होतो. हे मी शिकवतो! कपारीतला गोबरा बघता बघता वर उचललो गेलो, घाईने जाकिटातली हवा सोडली, जास्तच सोडली, आणि बसलो तो पोवळ्यावर. टर्बिनारिया, कोबीच्या पानांसारखे एकावर एक थर. फिनखाली पापड मोडावा तसा काठ मोडला. मोडलेली कड पांढरीफटक. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, आणि तिथे मोडतोड करणारा मी.

दुसऱ्या दिवशी नुसत्या दमावर गेलो. बुडबुडे नसले की खडपाचा आवाज ऐकू येतो, कढईत मोहरी तडतडावी तसा. कोळंबीच्या जातीतले चिमुकले जीव नांगी आपटत असतात. तो तुटका काठ शोधला. सापडला.

मालवणात उतराल तेव्हा फोटोसाठी खडपावर उभे राहू नका. गाइड म्हणाला तरी.