मोहल्ल्यातला हवालदार

भिवंडीत माग चालू असले की गल्लीत मोठ्यानेच बोलावं लागतं. त्या खडखडाटाची इतकी सवय होते की तो थांबला की माणसं दाराशी येऊन उभी राहतात. वीज गेली, की आणखी काही झालं? हे ‘आणखी काही’ त्या गावाने पुष्कळ भोगलेलं आहे. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून गाव पेटलं. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची बारकाईने चौकशी केली, अहवाल दिला. तरी १९८४ च्या मे महिन्यात गाव पुन्हा पेटलंच.

अशा गावात पोलीस म्हणजे बंदोबस्त. राज्य राखीव दलाच्या गाड्या, नाक्यावर टाकलेल्या लोखंडी जाळ्या, दिवसभर उन्हात उभे असलेले परगावचे शिपाई. त्यांना ही गल्ली कुठे निघते तेही ठाऊक नसतं आणि गल्लीला त्यांची नावं ठाऊक नसतात. काठी हातात असलेला अनोळखी माणूस आणि दगड हातात असलेला अनोळखी माणूस समोरासमोर आले की पुढे काय होणार, हे सांगायला आयोग कशाला हवा?

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे सत्तर. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने, आणि त्यांच्यासोबत त्या भागाचा पोलीस. मला यातला मोठा विचार वाटतो तो हा, की सलोख्याचं काम साहेबांच्या दालनातून गल्लीत आलं. बीटवरच्या ज्या पोलिसाने एरवी समन्स पोचवायचे, सलाम ठोकायचा आणि मंत्र्यांच्या दौऱ्यात रस्ता अडवून धरायचा, त्याच्याच हाती गल्लीची शांतता आली. आपल्याकडे पोलीस दलातला सर्वांत मोठा वर्ग शिपायांचा, आणि त्यांच्या बुद्धीवर सर्वांत कमी विश्वास. इथे तो कोणीतरी टाकला.

समितीच्या बैठकीत रोज धर्माचं बोलून भागत नाही. माणसं नळाला पाणी नाही म्हणून येतात, गटार तुंबलं म्हणून येतात, सून माहेरी गेली ती परत येत नाही म्हणून येतात. शेजाऱ्याच्या मागाचा आवाज, खांबावरचा गेलेला दिवा, भाड्याच्या खोलीचा वाद. यातलं निम्मं पोलिसांचं कामच नव्हे, असं कोणी म्हणेल. पण याच कामात हवालदाराला कळतं की पानवाल्याचा मुलगा अलीकडे कोणाबरोबर फिरतो, आणि पानवाल्यालाही कळतं की हवालदाराच्या मुलीची दहावी आहे. अफवा आली की ती खरी का खोटी, हे विचारायला आधी ओळखीचा माणूस लागतो. ती ओळख दंगलीच्या दिवशी करता येत नाही. ती गटाराच्या तक्रारीतच करून ठेवावी लागते.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात जळाली, जानेवारीत पुन्हा जळाली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० नोंदवला. भिवंडी, जिचं नाव अशा यादीत नेहमी वर असायचं, ती शांत राहिली. तोवर खोपड्यांची बदली झालेली होती, हे मी मुद्दाम सांगतो. साहेब गेले होते. गल्लीतली माणसं आणि त्यांच्या ओळखीचे पोलीस मात्र तिथेच होते. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकाला आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घ्यावीशी वाटली. मुंबईनेही नंतर हाच धागा उचलला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशा मंडळींनी दंगलीत होरपळलेल्या वस्त्यांत मोहल्ला समित्या चालवल्या. तिथे पोरांचे क्रिकेटचे सामने झाले. पोलिसासोबत हसण्याचा प्रसंग ज्या वस्तीत कधी आलाच नव्हता, तिथे त्या सामन्यांचं मोल फार.

आणि मग जुलै २००६. भिवंडीतच. कोटरगेटला कब्रस्तानालगतच्या वादग्रस्त जागेवर बांधकाम सुरू झालं, आणि ते होतं पोलीस ठाण्याचं. जमाव जमला, गोळीबार झाला, दोघे गेले. त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. हे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येत राहतो: त्या गर्दीत त्या दोघांना नावाने हाक मारू शकेल असं कोणी होतं का? एखादा चाचा, जो पुढे होऊन म्हणाला असता, ‘अरे, याला सोडा, हा आपला आहे’? १९९२ आणि २००६ यांत चौदा वर्षं गेली. तेवढ्यात हवालदार निवृत्त होतात, म्हातारे समिती-सदस्य जातात, आणि ज्यांनी दंगल पाहिलेली नाही अशी पोरं नाक्यावर उभी राहतात.

आजही गणपती, ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. पुढच्या खुर्च्यांवर नगरसेवक आणि पक्षांचे पदाधिकारी, चहा, फोटो. मला त्या खुर्च्यांवर मागावरचा कामगार हवा, मासे विकणारी बाई हवी, रिक्षावाला हवा. आणि सण संपल्यावर पुढच्याच आठवड्यात तीच बैठक पुन्हा हवी, गटाराच्या विषयावर. बदली होणाऱ्या बीट अंमलदाराने जाण्याआधी नव्या माणसाला घेऊन गल्लीत फिरावं, दारोदार थांबून म्हणावं, ‘काकू, उद्यापासून हे येतील. यांना ओळखून ठेवा.’