वेळासला जा, पण दबकत!

वीकेण्ड म्हटलं की आपल्याला काय लागतं? बीच, शॅक, वॉटर स्पोर्ट्स आणि मोबाइलला फुल रेंज. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला यातला फक्त बीच मिळेल. तरीही जाच!

मी मूळची ढोकीची. आमच्याकडे ऊस, साखर कारखाना आणि समुद्र फक्त टीव्हीवर! त्यामुळे किनारा दिसला की मी थेट पाण्यात. वेळासला मात्र भल्या सकाळी दोरीमागे गपचूप उभी होते. वाळूवर ठेवलेली टोपली उचलली गेली आणि बिस्किटाएवढी पिल्लं लाटांकडे निघाली. ऑलिव्ह रिडले कासवांची! लाट मागे फेकते, ती पुन्हा चालू लागतात.

एकेकाळी इथली अंडी माणसं, कोल्हे, कुत्रे पळवायचे. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली. अंडी कुंपणात सुरक्षित पुरतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, जेवतात. म्हणजे कासव वाचलं तर गावालाही चार पैसे!

आता प्रश्न आपला आहे. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून फ्लॅश बंद. हात लावायचा नाही, दोरी ओलांडायची नाही. सीझन साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. हरिहरेश्वरहून येणार असाल तर बागमांडला-वेसवी फेरीबोट आहे. पिल्लं दिसण्याची गॅरंटी कुणीच देत नाही. ती तुमच्या सुट्टीचं कॅलेंडर बघून थोडीच जन्मतात!