नाहीपणाला साक्षीदार हवा

गोष्टीत एखादं गाव नाहीसं करायचं असलं की मी गावाकडे पाहत नाही. मागे जो उरणार आहे त्याच्याकडे पाहतो. विहीर जाते, पण दोर ओढून पडलेले घट्टे बाईच्या तळहातावर राहतात. गोठा जातो, आणि म्हातारा पहाटे वैरणीची पेंढी काखेत धरून मोकळ्या रानात उभा असतो. सांगोल्यात बसून अद्भुतकथा लिहिणाऱ्याला असे तपशील लांब शोधावे लागत नाहीत. माणदेशातून दुष्काळानं काय काय नेलं, ते मागे राहिलेल्यांकडूनच ऐकायला मिळतं.

ही रीत मी ज्ञानेश्वरांकडून घेतली. ‘अमृतानुभवा’च्या चौथ्या प्रकरणात ते शून्यवाद्याला अडवतात. सगळंच नाहीसं झालं, तर ते कळलं कुणाला? दिवा मालवणाराही दिव्यासोबत मालवला, तर दिवा नाही हे जाणणारा कोण? कथालेखनाचा याहून कडक नियम मला ठाऊक नाही.

युरोपात याच ‘नाही’बद्दल इसवी सन 800च्या सुमारास शार्लमेनच्या दरबारातल्या फ्रेडेगिससनं एक पत्र लिहिलं. ‘काही नाही’ हेसुद्धा काहीतरी आहेच, कारण त्याला नाव आहे, असं त्याचं म्हणणं. देवानं शून्यातून जग घडवलं असं मानणाऱ्या धर्मात हा प्रश्न साधा नव्हता. मला मात्र लेखक म्हणून फ्रेडेगिससचं म्हणणं पटत नाही. नुसत्या नावानं वाचकाच्या पोटात गोळा येत नाही. मिखाएल एंडेच्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’त (1979) कल्पनेचा देश गिळत येणारं ‘नाही’ आहे. त्याला ना रंग, ना आकार. तिकडे पाहणाऱ्याला आपण आंधळे झालो असं वाटतं. इथेही पाहणारा उरलाच आहे.

पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात शून्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि माझं मन तिथेच रेंगाळतं. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात वीरशैव संत अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला येतात. शिवयोगी सिद्धरामेश्वर तिथे तलाव बांधण्यात गुंतलेले. दोघांत कडाक्याचा वाद होतो: बाहेर एवढं उभारतोस, आत काय? पुढे कर्नाटकातल्या कल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे वीरशैव संतांच्या सभेत, अल्लम ज्या आसनावर बसतात, ते शून्यसिंहासन. हे शून्य काही गिळत नाही. ते भरलेलं आहे. ‘मी केलं’ म्हणणारा तेवढा तिथे विरतो.

गिळणारं शून्य अद्भुतकथेत पुष्कळ आलं. हे दुसरं मराठीत लिहायचं राहिलं आहे. नव्या लेखकांनो, काळा राक्षस रंगवायला घेण्याआधी सोलापूरच्या तलावाकाठचा तो वाद एकदा वाचा.