दोन पहारेकरी

कॉम्प्युटर निळा पडून बंद झाला की मुक्ताईनगरात पहिला संशय लाइटवर. या वेळी तिचा दोष नव्हता. भाच्याने जुना अँटीव्हायरस तसाच ठेवून वर दुसरा चढवला होता. दोघे पहारेकरी, आणि प्रत्येक फाइल आधी मीच तपासणार म्हणून हटून बसलेले.

हे प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ड्रायव्हर घालून बसतात. तिथे काही बिघडलं की विंडोज सगळं थांबवूनच टाकतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अशीच आडवी केली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले! उपाय एवढाच, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की हवी. ती कोण लिहून ठेवतो?

मीही सेफ मोडच गाठला. कंट्रोल पॅनेलमधून अँटीव्हायरस काढला तरी ड्रायव्हर कधी कधी मागे राहतात, म्हणून दोन्ही कंपन्यांचीच रिमूव्हल टूल पेनड्राइव्हवर घेतली होती. मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘एसएफसी स्कॅननाऊ’. बिघडलेल्या सिस्टिम फाइल तो बदलून देतो, पण टक्के मुंगीच्या पावलाने सरकतात.

“मामा, केळीच्या विम्याचा फॉर्म आज भरला जाईल ना?”

“आधी मशीन तर उठू दे.”

दोन्ही गेल्यावर विंडोजचा डिफेंडर आपणहून चालू झाला. घरच्या वापराला तेवढा पुरे, असं माझं मत. अँटीव्हायरस विकणाऱ्या दुकानदाराला ते पटणार नाही.