वजनकाट्याआधीचे सहा आठवडे

खाशाबा जाधवांच्या दोन ऑलिंपिकमध्ये पाच किलोंचं अंतर आहे. 1948 साली लंडनला ते 52 किलो गटात लढले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला 57 किलो गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक गोळेश्वरला घेऊन आले. गादीचा सराव, नियमांची ओळख, वाढलेला अनुभव अशी त्या यशाची कारणं बरीच आहेत. तरी पैलवानांच्या आहाराचं काम करताना हे दोन आकडे मी तालमीतल्या पोरांपुढे वारंवार ठेवते, कारण आज सगळीकडे उलटा हिशेब चालतो. ‘मॅडम, एक गट खाली उतरलो की जोड हलकी मिळंल,’ असं विशीतला जवळजवळ प्रत्येक पठ्ठा सांगतो. समोरच्या तालमीतला पठ्ठाही हेच म्हणत एक गट खाली आलेला असतो. मग गादीवर जोड तीच राहते, फक्त दोघंही उपाशी आणि तहानलेले असतात.

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग या खेळांतल्या खेळाडूंचे वजन देतानाचे फोटो लोक कौतुकानं बघतात. पोटावर पट्टे, दंडावर टरारलेल्या शिरा, गालफडं बसलेली. जिममधली पोरं ते फोटो मोबाइलमध्ये ठेवतात आणि तसंच अंग हवं म्हणतात. ते अंग दोन निरनिराळ्या कामांतून तयार झालेलं असतं. त्यातलं एक काम आठवडेच्या आठवडे चाललेलं असतं, ते चरबी उतरवण्याचं. दुसरं शेवटच्या दोन-तीन दिवसांत उरकलेलं असतं, ते पाणी काढण्याचं. पहिल्या कामात कसब आहे आणि कुस्तीही सुधारते. दुसऱ्यात नुसता धोका आहे. आपल्याकडे मात्र सगळी शर्थ दुसऱ्या कामात होते आणि पहिलं तसंच राहून जातं.

पहिल्याचा हिशेब सरळ आहे. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7,700 कॅलरी. समजा एखाद्याचं रोजचं वजन 61 आहे आणि त्याला 57 च्या गटात लढायचंय. हाताशी सहा आठवडे आहेत. रोज 450 कॅलरींची तूट ठेवली तर बेचाळीस दिवसांत अडीच किलोंच्या जवळपास चरबी जाते. ही तूट काढायला उपास लागत नाही. संध्याकाळच्या अर्धा लिटर म्हशीच्या दुधाऐवजी डेअरीचं स्किम्ड दूध घेतलं आणि जेवणातलं एक मोठा चमचा तूप कमी केलं की झालं. उरले दीड किलो. शेवटच्या तीन-चार दिवसांत कोंडा, सालीच्या डाळी, पालेभाज्या, कच्ची काकडी-गाजरं बंद करून मऊ भात, अंडी, दही असं ठेवलं की आतड्यातला चोथा कमी होतो आणि चारपाचशे ग्रॅम तिथेच उतरतात. शरीरात पिष्टाचा साठा चारपाचशे ग्रॅमच असतो, पण त्याचा प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. शेवटच्या तीन दिवसांत भात-भाकरी निम्म्यावर आणली आणि मीठ आवरलं की त्या वाटेनं सातशे ग्रॅम सहज जातात. राहिले तीनशे ग्रॅम. तेवढ्यासाठी आदल्या संध्याकाळी अंग गरम होईपर्यंत हलका सराव पुरतो. जीव पणाला लावायची वेळच येत नाही.

हे सगळं बसायचं तर दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. एक म्हणजे प्रथिनं. वजन उतरवण्याच्या काळात किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, म्हणजे या गड्याला रोज 120 ग्रॅम, आणि तीही चार-पाच वेळांत विभागून. अंडी, कोंबडीची छाती, मासे, दही, मटकी-मुगाची उसळ, स्किम्ड दूध यांतून ती मिळतात. त्यासाठी परदेशी पावडरीचा डबा हवाच असं नाही. दुसरी म्हणजे ताकदीची मेहनत. वजन कमी करायचं ठरलं की पोरं वजनं उचलणं, दोर चढणं बंद करतात आणि सकाळ-संध्याकाळ नुसती पळत सुटतात. आपलं वजन कमी होतंय म्हणून खूश होतात. चिमट्यानं मोजलं की कळतं, दंडावरची चरबीची घडी तेवढीच आहे आणि मांडीचा घेर घटलाय. स्नायू गेला म्हणजे ज्यानं कुस्ती करायची तेच गेलं.

खुराकाबद्दल बोलताना मात्र मी सावध असते, कारण तो आमच्या भागात श्रद्धेचा विषय आहे आणि तसा असण्यामागे कारण आहे. मातीच्या मैदानी कुस्तीत वजनगट नव्हते. जोड नजरेनं ठरायची, कुस्ती अर्धा अर्धा तास चालायची, कधी त्याहून जास्त. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 चं. तिथे उतरणाऱ्या पैलवानाला अंगाचा भार हेच हत्यार होतं. हजार-हजार जोर-बैठका मारून, हौद्याची लाल माती खोऱ्यानं उकरून आणि मग लढती धरून जे खर्च व्हायचं ते भरून काढायला दूध, तूप, बदाम, मटण लागतच होतं. त्या खेळासाठी तो खुराक अचूक होता.

थंडाई घोटताना बघावं. रात्रभर भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची हे सगळं मोठ्या कुंडीत घालून दोन पोरं समोरासमोर बसतात आणि उभा लाकडी सोटा दोन्ही हातांनी फिरवत राहतात. तासाभरात बदामाचं लोणी होतं, घोटणाऱ्यांच्या मनगटातून घाम ठिबकत असतो आणि वस्ताद बोटानं चिमूट उचलून रवाळ लागतंय का बघतात. शंभर बदाम म्हणजे सातशे कॅलरी, वर लिटरभर म्हशीचं दूध म्हणजे आणखी हजाराच्या आसपास. खुल्या गटातल्या 120 किलोंच्या मल्लाला ते पचतं आणि लागतंही. तीच थंडाई तेवढीच 57 किलो गटातल्या पोराच्या हातात देतात आणि महिन्यानं त्याला वजन तोडायला प्लॅस्टिकच्या जॅकेटमध्ये पळवतात. मी थंडाई बंद करत नाही. बदाम वीस, दूध पाव लिटर साय काढलेलं, आणि वेळ सकाळच्या लढती झाल्या की लगेच. वस्तादांना एवढं पटतं, कारण त्यांची कुंडी चालू राहते.

गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. त्या सहा मिनिटांत पिष्टाचं इंधन जळतं. म्हणून हल्ली जिममधून तालमीत आलेलं भात-भाकरी पार सोडण्याचं खूळ मला अजिबात मान्य नाही. सहा आठवडे भाकरी सोडलेला पैलवान वजनात बसतो आणि दुसऱ्या फेरीत उभा राहू शकत नाही.

आता पाण्याचं. लघवीची घनता मोजायचं एक छोटं दुर्बिणीसारखं यंत्र माझ्या पिशवीत कायम असतं. काचेवर लघवीचा एक थेंब टाकायचा, वरचं झाकण मिटवायचं आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायचं. आत निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा एका आकड्यावर थांबलेली दिसते. 1.020 च्या खाली असेल तर अंगात पाणी पुरेसं आहे. एका जिल्हा निवड चाचणीच्या सकाळी एका पोराची रेषा 1.032 ला थांबली होती. तो वजनात बरोबर बसला होता आणि घरचे हसत होते. ओठांवर पांढरे पापुद्रे, तोंडात थुंकी नाही, बसल्या जागी नाडी शंभराच्या पुढे. रात्री न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत दोरीउड्या मारल्या म्हणाला, पाण्याच्या बाटलीत थुंकत बसलो म्हणाला. रक्तातलं पाणी घटलं की हृदयाला तेच काम जास्त ठोक्यांत करावं लागतं, कातडीकडे जाणारं रक्त आवरलं जातं, घाम आटतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी दम कमी पडायला लागतो. त्याच्यापुढे मूत्रपिंडाचं दुखणं सुरू होतं. अमेरिकेत 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन तोडता तोडता वारले. रबरी सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत तसे सूट आणि तापवलेल्या खोल्या बंद झाल्या आणि हंगामाआधी प्रत्येकाचं किमान वजन ठरवण्याची पद्धत आली. ते ठरवताना लघवी 1.020 च्या आत हवी, आणि पुढे आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायचं नाही.

व्यावसायिक मिश्र मार्शल आर्टमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून ते लोक जास्त पाणी काढून परत भरायचा जुगार खेळतात. तिथेही माणसं दगावली आहेत. ऑलिंपिक कुस्तीत 2018 पासून वजन लढतीच्या सकाळी होतं आणि गट दोन दिवस चालत असल्यामुळे दुसऱ्या सकाळी पुन्हा होतं. पॅरिसला 6 ऑगस्ट 2024 रोजी विनेश फोगाट सकाळी 50 च्या आत बसली, तीन कुस्त्या जिंकली, त्यांतली पहिली तोवर आंतरराष्ट्रीय मैदानात न हरलेल्या युई सुसाकीविरुद्ध. दिवसभरात घेतलेल्या अन्नपाण्यानं वजन 2.7 किलोंनी वाढलं. रात्रभर पाणी नाही, जेवण नाही, व्यायाम, वाफ, शेवटी केसही कापले. सकाळी काटा 100 ग्रॅम जास्त दाखवत होता. लोक म्हणाले, शंभर ग्रॅमचं काय एवढं? आटलेल्या अंगातून शेवटचे शंभर ग्रॅम निघत नाहीत, कारण शरीर जगण्यासाठी घामाची वाट बंद करतं. त्याच आठवड्यात अमन सहरावतनं दहा तासांत 4.6 किलो उतरवले आणि 57 किलोंत कांस्य जिंकलं. तालमीतून अमनचा दाखला मला लगेच मिळतो. विनेशच्या आणि अमनच्या रात्रीत वेगळं काहीच केलं गेलं नव्हतं. एकाचं शरीर काट्याच्या आत आलं आणि एकीचं आलं नाही, एवढाच फरक. विनेश मुळात 53 किलोंची, त्या गटात जागतिक स्पर्धेत दोन कांस्यपदकं मिळवलेली. ऑलिंपिकला त्या गटाची जागा दुसऱ्या भारतीय मल्लाकडे गेल्यामुळे ती 50 ला आली. आपल्या बीडच्या राहुल आवारेनं 2019 साली जागतिक कांस्य मिळवलं ते 61 किलोंत, आणि तो गट ऑलिंपिकमध्ये नाही. तिथे प्रत्येक प्रकारात गट सहाच, मध्ये दरी मोठी. शरीराला न बसणाऱ्या गटात माणूस कोंबला जातो त्याचं मूळ इथेही आहे आणि याबद्दल खेळाडूला बोल लावू नये.

वजन झाल्यावर सलाईन लावून घ्यायची पद्धत गावोगाव आहे. डोपिंगच्या नियमांप्रमाणे बारा तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन वैद्यकीय कारणाशिवाय चालत नाही आणि लघवीच्या गोळ्या तर सरळ बंदीच्या यादीत आहेत. त्यापेक्षा मीठ घातलेली भाताची पेज, ओआरएस, केळं. जेवढं पाणी गेलं त्याच्या सव्वा ते दीडपट, पण घोट घोट.

मुलींच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. 2023 साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि तेव्हापासून तालमीत येणाऱ्या मुली डोळ्यांना जाणवाव्यात इतक्या वाढल्या. त्यांच्यातल्या काहींची पाळी हंगामात थांबते आणि प्रशिक्षक त्याला फिटनेस समजतात. व्यायामाचा खर्च वजा करून चरबीविरहित वजनाच्या किलोमागे 30 कॅलरींपेक्षा कमी उरलं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांची भरणी. 53 किलोंच्या मुलीला सराव वगळून सुमारे 1,300 कॅलरी उरायलाच हव्यात. नडगीला बारीक तडे गेलेली सतरा वर्षांची मुलगी वर्षभर बसून राहते. पाळी चुकली की सांगायची, असं मी मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही बजावते.

आणि सतरा वर्षांच्या आतल्या कुणाचंही वजन तोडायचं नाही. चौदा वर्षांचा मुलगा वाढत असतो. त्याला गेल्या वर्षीच्या गटात ठेवणं म्हणजे त्याची उंची अडवणं. तो ज्या गटात नैसर्गिकपणे बसेल तिथे लढू द्या, हरला तर हरू द्या.

कुस्ती सुटलेल्यांचं एक राहतंच. लढती थांबतात, खुराक थांबत नाही. चाळिशीत साखर, पन्नाशीत हृदयाचा त्रास घेऊन येणारे माजी मल्ल मी बघते. मेहनत निम्मी झाली त्या महिन्यात दूध-तूपही निम्मं व्हायला हवं, आणि हे त्यांच्या वस्तादांनीच सांगितलं तर ते ऐकतात.

ज्या तालमींत मी जाते तिथे दिवाळीनंतर, हंगाम सुरू होण्याआधी, आम्ही प्रत्येक पैलवानाचं किमान वजन ठरवून वहीत लिहून ठेवतो. आधी लघवीचा थेंब, मग चिमट्यानं सात ठिकाणची घडी, मग काटा. वस्ताद शेजारी बसलेले असतात आणि सही त्यांची असते. हंगामभर त्या आकड्याच्या खालचा गट त्या पोराला मिळत नाही. जिल्हा आणि राज्य संघटनांनी प्रवेशअर्जाबरोबर असा दाखला मागायला सुरुवात करावी, एवढी माझी मागणी आहे. यंत्र मुठीत मावतं, एका पोराला पाच मिनिटं लागतात. ज्याचा थेंब 1.020 च्या वर जातो त्याचं वजन त्या दिवशी लिहायचं नाही, त्याला पाणी पिऊन परवा यायला सांगायचं.