भयकथा ऐकताना

संध्याकाळची प्रार्थना झाली, जेवण आटोपले, घरातील दिवे मालवले गेले, की मी कानाला इअरफोन लावून भुताखेतांच्या संगतीत जाऊन बसतो. सदुसष्टाव्या वर्षी, तेही वेदीजवळच्या वाचनपीठावरून तीसहून अधिक वर्षे पवित्र शास्त्र वाचलेल्या माणसाने अशी कबुली या त्रैमासिकात द्यावी, हे काही वाचकांना रुचणार नाही. परंतु कबुलीला आपल्याकडे संस्काराचे स्थान आहे. म्हणून ती आरंभीच देऊन टाकतो.

कारण डोळ्यांचे आहे. काचबिंदू लक्षात यायला उशीर झाला. औषधांनी उरलेली दृष्टी टिकली, गेलेली परतली नाही. माणसे ओळखू येतात, रस्ता सावकाश ओलांडता येतो. पण छापील ओळीतले मधलेच शब्द गळून जातात. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. त्याच्या कपाटांतून तरुणपणी आठवड्याला दोन पुस्तके घरी आणणाऱ्या मला हा आघात सोसणे कठीण गेले. तेव्हा मुलीने मोबाइलवर श्राव्यपुस्तकांची व्यवस्था करून दिली. "पप्पा, आता ऐका," ती म्हणाली. तिने प्रथम संतचरित्रे शोधून दिली होती. ती मी श्रद्धेने ऐकली. त्यानंतर मात्र, घरात कुणी नसताना, मी नारायण धारपांचे नाव शोधायला सांगितले.

धारप (१९२५–२००८) हे माझ्या सतराव्या वर्षीचे व्यसन. वडिलांना ते पसंत नव्हते, म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टण घालून मी ते वाचत असे. अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तके अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकातच निघू लागली होती; डोळसांनाही त्यांची गोडी लागायला बराच काळ जावा लागला. स्टोरीटेल ही स्वीडनमधील संस्था २०१७ साली भारतात आली आणि मराठी पुस्तके मोठ्या संख्येने ध्वनिरूपात मिळू लागली. लहानपणी लपवलेली पुस्तके म्हातारपणी अशी कानात येऊन बसली.

ख्रिस्ती माणसाने असले ऐकावे काय, असे धर्मग्रामातील एका स्नेह्याने मला विचारले. मी त्याला शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. वेश पालटून रात्री निघालेला शौल राजा, एन-दोर येथील ती स्त्री, भूमीतून वर आलेला वृद्ध शमुवेल! जगातील कोणत्याही भयकथेने हेवा करावा असा तो प्रसंग आहे. सरोवरावर पाण्यावरून चालत येणाऱ्या प्रभूला पाहून शिष्यांनी तरी दुसरे काय केले? भूत समजून ते ओरडले. पवित्र शास्त्राने भीती लपवलेली नाही. देवदूतांना आल्याआल्या माणसाची भीती घालवावी लागते, ती मनात असते म्हणूनच.

अद्भुतकथेविषयीही तेच. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपद जयंत नारळीकर या वैज्ञानिकाला आणि विज्ञानकथाकाराला दिले गेले. कल्पनेचे हे प्रांत वाङ्मयाच्या अंगणाबाहेरचे नाहीत, अशी ही एक पावतीच होती. जे. आर. आर. टॉल्किन यांच्यासारख्या निष्ठावंत कॅथोलिकाने तर आयुष्याचा मोठा भाग अशा एका कल्पित जगाच्या उभारणीत घालवला.

तेव्हा ऐकावे की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो, वाचावे कसे हा. गेल्या चार वर्षांत मी बरेच आवाज ऐकले. त्यांतून माझी काही मते बनली आहेत, ती मांडतो.

अभिवाचकांचे माझ्या मते तीन वर्ग पडतात. पहिला, भिववणाऱ्यांचा. 'दार उघडे होते' एवढेच लेखकाने लिहिलेले असते. परंतु हे गृहस्थ 'दार' या शब्दापासूनच श्वास ओढू लागतात. ऐकणाऱ्याला दारापलीकडे काही तरी आहे हे आधीच कळते आणि तो सावध होतो. सावध माणूस भीत नाही. दुसरा वर्ग स्वतःच्या आवाजावर लुब्ध असलेल्यांचा. त्यांचे प्रत्येक वाक्य खर्जात उतरते. पावसाचे वर्णन आणि प्रेताचे वर्णन एकाच सुरात निघते. तिसरा वर्ग लहान आहे. या वर्गातील वाचक 'दार उघडे होते' हे वाक्य 'दूधवाला येऊन गेला' इतक्या सहजतेने उच्चारतो. अर्ध्या क्षणाने आपल्याला आठवते, की मागच्या प्रकरणात ते दार कुलूपबंद केलेले होते. मग अंगावर काटा येतो, तो आपला आपल्याला आलेला असतो.

धारपांना हा तिसरा वाचकच मानवतो. त्यांची भाषा साधी, घरगुती. माणसे नोकरीपेशाची, हिशेबी. भाड्याचे घर, बदली, वडिलोपार्जित वाडा अशा ओळखीच्या गोष्टींतून ते अनोळखी गोष्टीकडे नेतात. अशा लेखनाला पहिल्या ओळीपासून काळा रंग फासला, तर पुढे काळोख दाखवायला जागाच उरत नाही. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथांनाही हेच लागू पडते. त्यांतील धक्का बहुधा शेवटी असतो. वाचणाऱ्याला तो आधीपासून ठाऊक असतो, पण ठाऊक असल्याचे आवाजात दिसता कामा नये.

अद्भुतकथेच्या वाचकावर वेगळी जबाबदारी येते. तिथे राज्ये, नद्या, कुळे, तलवारी या सर्वांना नावे असतात. पुस्तक हातात असले तर पाने मागे उलटता येतात; ऐकणाऱ्याला ती सोय फारशी नाही. नाव पहिल्यांदा येईल तेव्हा ते सावकाश, स्वच्छ उच्चारून ऐकणाऱ्याच्या हाती द्यावे लागते. परदेशी असलेल्या मुलाने टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची दोन इंग्रजी वाचने मला ऐकवली. एक रॉब इंग्लिस यांचे जुने, दुसरे अँडी सर्किस यांचे २०२१ मधील. सर्किस यांनी चित्रपटांत गोलमची भूमिका केलेली. त्यामुळे गोलम बोलू लागला की दुसऱ्या कुणाचा आवाज तिथे चालेलसे वाटत नाही. तरीही रात्री मी इंग्लिसकडे वळतो. ते कथेतली गाणी म्हणतात, पात्रांचे आवाजही थोडेफार बदलतात, पण आजोबा गोष्ट सांगताहेत हे विसरू देत नाहीत. सर्किस पात्रे उभी करतात, इंग्लिस गोष्ट उभी करतात. ज्याला अंधारात एकट्याने ऐकायचे आहे, त्याला सोबतीस गोष्ट सांगणारा लागतो.

आपल्याकडे या कलेची वाण नाही. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धेचा उगम ऐकण्याशीच जोडला आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, परंतु जगले ते कंठात आणि कानात. उपवासकाळात ते गाऊन ऐकवले जाई. पुढे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन केले. त्यांच्यापुढे एक ध्वनिक्षेपक असे आणि समोर श्रोते. पाठीमागे ना वाद्ये, ना दारांची करकर.

ही करकर मला आता बोलायला लावते. अनेक भयकथांच्या ध्वनिमुद्रणात पार्श्वभूमीला चर्चची घंटा वाजते. ऑर्गनचा एक लांब सूर येतो. निवेदक आवाज खाली आणून सांगतो, की गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची जुनी दफनभूमी होती. पुढे कुणी फादर आले, तर ते मोडक्या मराठीत 'माय सन' म्हणत येतात. मी हे पहिल्यांदा ऐकले, तेव्हा हसलो. तिसऱ्यांदा ऐकले, तेव्हा यंत्र बंद केले. त्या मातीत माझे आईवडील आहेत, धाकटा भाऊ आहे. दोन नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आम्ही तिथे मुलाबाळांसह जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. लहान मुले वितळलेल्या मेणाचे गोळे करीत बसतात. संध्याकाळी ती जागा घरातल्या ओसरीसारखी वाटते. आणि आमचे फादर अस्सल नगरी मराठी बोलतात.

राग ओसरल्यावर ध्यानात आले, की दोष द्वेषाचा नव्हे, आळसाचा आहे. शब्दांवर विश्वास नसला, की माणूस घंटा वाजवतो. धारपांची 'लुचाई' ज्या कादंबरीवर बेतलेली आहे, त्या स्टीफन किंग यांच्या १९७५ मधील 'सालेम्स लॉट'मध्ये फादर कॅलहन नावाचे धर्मगुरू आहेत. रक्तपिपासू पिशाचासमोर ते क्रूस उगारतात, तेव्हा क्रूस तेजाने उजळतो. पिशाच त्यांना आव्हान देते, की क्रूस बाजूला टाक आणि केवळ तुझ्या श्रद्धेच्या बळावर माझ्यासमोर उभा राहा. फादरांचा धीर होत नाही. ते क्रूसालाच घट्ट धरून राहतात आणि हातातल्या हातात त्याचे तेज विझते. क्रूस हा ताईत नव्हे, हे एवढ्या स्पष्टपणे मी फार थोड्या प्रवचनांत ऐकले आहे. ज्याची शब्दांवरची श्रद्धा सुटली, तो निवेदक घंटेला असाच ताईत करतो.

दुसऱ्यांविषयी इतके लिहिल्यावर स्वतःविषयी लिहिले पाहिजे. १९८७ साली नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याच सुमारास मी वाचक झालो. झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन अनेक आवाजांत होते: प्रभूचे शब्द धर्मगुरूंकडे, इतर पात्रांचे एकाकडे, लोकसमुदायाचे सर्वांकडे आणि निवेदकाचे काम माझ्याकडे. एका वर्षी पेत्राच्या नाकारण्याच्या प्रसंगी मी आवाज कापरा केला; पुढे तर चक्क हुंदका दिला. लोक स्तब्ध झाले होते. मी मनातून सुखावलो. मिस्सा संपल्यावर दाराशी एका आजीबाईने मला थांबवले. "लई रडला रे बाबा," ती म्हणाली, "आमच्यासाठी काय ठेवलंच न्हाई."

मला तेव्हा ते झोंबले. तिला वाचनातले काय कळते, असेही मनात आले. भिववणाऱ्या अभिवाचकांवर मी वर जे ताशेरे ओढले, त्यांतला एकही शब्द माझा नाही. तो त्या आजीबाईचा आहे. मला तो समजायला डोळे जावे लागले.

यंदाच्या उपवासकाळात फादरांनी निवेदकाचे वाचन महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीकडे सोपवले आणि तिला तयार करण्याचे काम माझ्याकडे दिले. खोटे कशाला सांगू, मला ते जड गेले. ते पीठ माझे होते. तालमीला ती आली, तेव्हा तिने आवाजाचे चढउतार कुठे घ्यावेत असे विचारले. मी तिला आजीबाईचे वाक्य तेवढे सांगितले आणि म्हणालो, "जे घडले ते सांग. बाकीचे आमच्यावर सोड."

गुड फ्रायडेला मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. योहानचा वृत्तांत सुरू झाला. रात्र, बाग, मशाली, शस्त्रे आणि ती जागा ठाऊक असलेला एक ओळखीचा माणूस: भयकथेला लागते ते सारे तिथे आहे. मुलगी बातमी द्यावी तशी वाचत होती. एका ठिकाणी तिचा शब्द अडखळला, तो तिने सावकाश दुरुस्त केला. प्रभूने प्राण सोडला, तिथे ती थांबली आणि आम्ही सर्वांनी गुडघे टेकले. पंख्यांची घरघर आणि बाहेरच्या रस्त्यावरचा एक रिक्षा, एवढाच आवाज. त्या शांततेत मला भीती वाटली. रोज रात्री विकत घेतो तशी नव्हे. आपणही त्या जमावात होतो, ही भीती.

त्या दिवशी आमची घंटा वाजत नाही. पवित्र गुरुवारच्या महिमास्तोत्रानंतर ती मुकी होते, ती पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत. ध्वनिमुद्रणे करणाऱ्यांना हे कुणी तरी सांगायला हवे: आमच्या वर्षातल्या सर्वांत भयाण दिवशी घंटा गप्प असते. ती पुन्हा वाजते, तेव्हा भीती संपलेली असते.

शनिवारी रात्री ती वाजली. घरी परतल्यावर झोप येईना, म्हणून मी धारपांची अर्धी राहिलेली कथा लावली. वाचणारा तिसऱ्या वर्गातला होता. वाड्याचे दार उघडे होते, हे त्याने अगदी सहज सांगितले.